गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्याची फेसलिफ्ट: टाक्यांआधी काय पाहायचं, टाक्यांनंतर काय जपायचं

कानातलं काढा, कानाची पाळी थोडी वळवा आणि भोकाची मागची बाजू बोटाने चाचपून पाहा. तिथे कडक गाठ लागते का? कान टोचल्यावर कधी गाठ वाढली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर फेसलिफ्टच्या, म्हणजे उतरलेले गाल आणि जबडा वर उचलून बांधणाऱ्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तुमच्याबद्दलची ही पहिली महत्त्वाची माहिती आहे. सुरकुत्या किती, गाल किती उतरलेत, हे त्यानंतरचे प्रश्न. कारण फेसलिफ्टचा छेद याच कानाला वळसा घालून जातो आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेत शस्त्रक्रियेचा कस लागतो तो तिथे, कानापुढे आणि कानामागे.

त्वचेच्या रंगाचं फिट्झपॅट्रिक वर्गीकरण १९७५ सालापासून वापरात आहे. त्यात एक ते सहा असे प्रकार आहेत आणि भारतीय त्वचा बहुतेक करून चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींच्या कामात. सावळ्या त्वचेत त्या जास्त रंग बनवतात आणि तो मोठ्या कणांच्या रूपात त्वचेभर पसरतो. हा रंग उन्हाला अडवतो, म्हणून बारीक सुरकुत्या उशिरा येतात. पण हीच पेशी कुठल्याही जखमेला, सुजेला, भाजण्याला जास्तीचा रंग तयार करून उत्तर देते. पिंपल गेल्यावर महिनोन्‌महिने राहणारा काळा डाग हे त्याचंच घरगुती उदाहरण. त्यातच सावळ्या त्वचेचा आतला थर जाडसर असतो आणि जखम भरताना काही जणींत तो गरजेपेक्षा जास्त तंतू तयार करतो. त्यातून जाड व्रण किंवा किलॉइड, म्हणजे जखमेबाहेरही पसरणारी कडक गाठ, होतो.

चेहऱ्यावर नेमकं काय बदललंय

आपल्याकडच्या पन्नाशीतल्या बहुतेक बायकांच्या चेहऱ्यावर तक्रार सुरकुत्यांची नसते. गालांचा भराव खाली उतरलेला असतो, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल झालेली असते, जबड्याची सरळ रेघ मोडून दोन्ही बाजूंना मांस लोंबू लागतं आणि हनुवटीखाली चरबी साठते. कातडी मात्र अजून बरी असते. म्हणून फक्त कातडी ताणून शिवायची जुनी पद्धत इथे दुहेरी तोट्याची. उतरलेलं मांस जिथल्या तिथे राहतं आणि सगळा ताण टाक्यांवर येतो.

घरच्या घरी एक चाचणी करून पाहा. आरशासमोर बसा, दोन बोटं कानापुढे ठेवा आणि गाल फक्त एक-दीड सेंटिमीटर वर-मागे सरकवा. एवढ्याने जबड्याची रेघ सुधारली तर फेसलिफ्टने फरक पडेल. रेघ सुधारली पण डोळ्यांखालचा खड्डा, गालावरचे वांग किंवा ओठांभोवतीचा काळपटपणा तसाच राहिला, तर ती कामं फेसलिफ्टची नाहीत. वांग घालवण्यासाठी फेसलिफ्ट करून घेऊ नये. शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेत आणि उन्हात ते उलट गडद होण्याची भीती असते.

वजन कमी करत असाल तर ते आधी पूर्ण करा आणि काही महिने स्थिर ठेवा. वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना ते धोक्याचं ठरतं.

डॉक्टरांकडे जाताना त्वचेचा इतिहास लिहून न्या

कागदावर या गोष्टी लिहा: कान आणि नाक टोचल्यावर काय झालं, दंडावरची लशीची खूण सपाट आहे की फुगून पसरलेली, सिझेरियन किंवा इतर ऑपरेशनचा व्रण कसा दिसतो, छातीवर किंवा खांद्यावर पिंपलनंतर गाठी आल्या का, आई-मावशी-बहिणींना किलॉइड आहे का. व्रण जाड आहे एवढं सांगून भागत नाही. मूळ जखमेच्या रेघेतच फुगलेला व्रण वर्षा-दोन वर्षांत पुष्कळदा बसतो. जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरणारा तो किलॉइड, आणि तो आपोआप बसत नाही. पोटावरचा सिझेरियनचा व्रण जाड असला म्हणजे कानापुढचाही तसाच होईल असं नाही, कानापुढची कातडी सहसा चांगली भरते. कानाची पाळी आणि कानामागचा भाग मात्र किलॉइडच्या आवडीच्या जागा आहेत. पाळीवर खरा किलॉइड होऊन गेलेल्या बाईने फेसलिफ्टचा निर्णय फार जपून घ्यावा. पुष्कळदा ‘नको’ हाच प्रामाणिक सल्ला असतो.

दुसरा कागद क्रीमचा. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली, गोरं करणारी कोणती क्रीम वर्षानुवर्षं लावताय, तिची ट्यूबच पर्समध्ये टाका. अशा पुष्कळ क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. त्याने कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि जखम भरायला वेळ लागतो. हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध) असलेली क्रीम स्वतःच्या मनाने लांबवली तर कातडीवर निळसर-काळा, जवळपास न जाणारा डाग पडू शकतो. हे सगळं त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आधी आटोक्यात आणायचं आणि मगच शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची.

तिसरी गोष्ट तंबाखूची. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका ‘नाही’ म्हणतात आणि ते खरंही असतं. पण सकाळी दातांना मिश्री लावली जाते, कुणाला तपकिरीची सवय असते, कुणाला तंबाखूच्या पानाची. निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं आणि कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी खालच्या थरापासून सुटी केलेली असते, तिचा रक्तपुरवठा आधीच जेमतेम असतो. त्यात निकोटीन आलं की कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. रक्तपुरवठ्यापासून सर्वांत दूर आणि सर्वांत जास्त ताणात असलेली जागा तीच. तिथली जखम भरायला आठवडे लागतात आणि सावळ्या त्वचेवर तिचा व्रण ठळक राहतो. मिश्री शस्त्रक्रियेआधी किमान ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद हवी. निकोटीनचे च्युइंगम आणि पट्ट्याही यातच धरायच्या. मिश्री लावता हे सांगायला संकोचू नका. हे लपवलेलं डॉक्टरांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डॉक्टर कसे पारखायचे

फेसलिफ्ट करणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी असावी. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण नव्हे. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, नोंदणी क्रमांक मागून घ्या.

फोटो दाखवतील तेव्हा समोरचा हसरा चेहरा बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी मागा: तुमच्यासारख्याच रंगाच्या बायकांचे फोटो, शस्त्रक्रियेनंतर निदान वर्षभराने काढलेले, आणि केस वर बांधून कानाची पुढची-मागची बाजू दिसेल असे. महिन्याभराच्या फोटोत व्रण कसा वागणार हे कळूच शकत नाही, कारण जाड व्रण पुष्कळदा तिसऱ्या महिन्यानंतर डोकं वर काढतो. असे फोटो दाखवता आले नाहीत तर दुसरं मत घ्या.

खर्चाचा तपशील लेखी घ्या: सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, एक रात्रीचा मुक्काम, जीएसटी, आणि वर्षभरात व्रणाला इंजेक्शन किंवा दुरुस्ती लागली तर तिचे पैसे वेगळे का. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे मेडिक्लेममधून मिळत नाहीत.

छेद कुठे, ताण कुठे

कातडी आणि चरबीखाली, चेहऱ्याच्या स्नायूंना जोडलेला एक चिवट पडदा असतो. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला स्मास हे नाव पडलं. हा पडदा उचलून, दुमडून किंवा थोडा कापून वर बांधला की गालाचं मांस सोबत वर येतं. १९९० मध्ये हम्रा यांनी मांडलेल्या डीप प्लेन पद्धतीत या पडद्याखाली जाऊन त्याला धरून ठेवणारे बंध सोडवले जातात आणि कातडी, चरबी, पडदा एकसंध वर नेतात. त्याने कातडीचा रक्तपुरवठाही जास्त टिकतो. यांतली कोणती पद्धत हे सर्जनच्या हातावर सोडा. तुमचा प्रश्न एकच असावा: ‘ताण आतल्या थरावर असेल की कातडीवर?’ कातडीच्या दोन कडा ओढ न लागता एकमेकींना भेटल्या पाहिजेत. ताणलेल्या टाक्याची खूण रुंदावते, आणि सावळ्या त्वचेत ती काळी पडते किंवा उलट पांढरट होते.

कानाच्या छिद्रापुढे जो छोटा उंचवटा असतो तो ट्रेगस. छेद त्याच्या पुढच्या घडीतून न्यायचा की कडेवरून आत, हा निर्णय सगळ्यांना एकाच मापाने करता येत नाही. आत नेलेला छेद लपतो, पण मग गालाची कातडी ओढून ट्रेगसवर येते. गालाची कातडी ट्रेगसपेक्षा गडद, जाड किंवा लवदार असेल तर कानावर परकं ठिगळ लावल्यासारखं दिसतं. खिडकीच्या उजेडात आरशात पाहा. ट्रेगस आणि गाल यांच्या रंगात डोळ्यांना जाणवेल एवढा फरक असेल तर पुढच्या घडीतला छेदच बरा. दोन रंगांची नैसर्गिक हद्द तिथेच असते, खूण तिच्यात मिसळून जाते.

कानाची पाळी तर आपल्याकडे स्वतंत्र विषय आहे. वर्षानुवर्षं झुमके घालून भोक लांबलेलं असतं. कातडी खाली ओढत राहिली तर पाळी जबड्याला चिकटून खेचल्यासारखी दिसते, तिचा गोल लोंबता आकार जातो. पाळीखाली थोडी कातडी जास्तीची ठेवायला सांगणं हा त्यावरचा उपाय. भोक शिवायचं असेल तर ते याच वेळी की नंतर, आणि पाळीचा रक्तपुरवठा ते झेपेल का, हे विचारून घ्या.

कानामागे छेद खाचेतून वर जाऊन केसांत शिरतो किंवा केसांच्या कडेने उतरतो. मानेची बरीच कातडी काढायची असताना तो केसांत नेला तर केसांच्या रेषेला पायरी पडते. केस मोकळे असताना कळत नाही, अंबाडा घातला की दिसते. म्हणून केस रोज कसे बांधता ते सर्जनला दाखवा. हनुवटीखालचा अडीच-तीन सेंटिमीटरचा वेगळा छेद खरंच लागणार आहे का, तेही विचारा. जबड्याखालची जागा जाड व्रणाला पोषक असते. नुसती चरबी काढायची असेल तर तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रातूनही ते होतं.

आधीचे सहा आठवडे

हंगाम निवडता येत असेल तर दिवाळीनंतरचा घ्या. एप्रिल-मेच्या घामात आणि उन्हात पट्टी, टाके, सनस्क्रीन काहीच धड टिकत नाही. घरात लग्न असेल तर मागे मोजत या: सूज बरीच उतरायला ३ ते ४ आठवडे, काळपटपणा फिका व्हायला ३ ते ६ महिने. लग्नाच्या महिनाभर आधी फेसलिफ्ट करणं म्हणजे स्वतःची झोप उडवून घेणं.

सनस्क्रीन आत्तापासून रोज. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि शक्यतो रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं. सावळ्या त्वचेत डाग पाडायला नुसती अतिनील किरणंच नव्हे तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो, आणि तो साध्या सनस्क्रीनने अडत नाही. डागांची सवय असलेल्या त्वचेला डॉक्टर काही आठवडे ॲझेलिक ॲसिड किंवा मोजक्या काळासाठी हायड्रोक्विनोन देतात.

तपासण्यांत हिमोग्लोबिन आधी पाहा. ते १०च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घेऊन थांबा, घाईचं ऑपरेशन हे नव्हे. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साधारण ७ टक्क्यांपर्यंत आणा. रक्तदाब आटोक्यात हवाच, त्याची गोळी मनाने सोडायची नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात, त्यांनी रक्तस्राव वाढतो. (आमटीतल्या हळदीची चिंता नको.) हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय थांबवू नका.

केस रंगवायचे असतील तर आठवडाभर आधी रंगवा, नंतर दीड महिना रंग किंवा मेंदी लावता येणार नाही. आदल्या दिवशी नेलपेंट काढा, बोटांच्या टोकांना गडद मेंदी नको. रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र बोटाला लागतं आणि त्याचा प्रकाश या रंगांत अडतो. मंगळसूत्र, नथ, बांगड्या, जोडवी सगळं घरी ठेवून जा. रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणामुळे धातूखाली भाजण्याचा धोका असतो. काढायला मन होत नसेल तर काळ्या मण्यांची दोऱ्यातली पोत हाताला बांधू द्यावी का, हे थिएटरच्या सिस्टरना आधी विचारा. आधीचे ६ तास खाणं नाही, २ तास पाणीही नाही.

पहिले ४८ तास

शस्त्रक्रियेला साधारण ३ ते ५ तास लागतात. पहिल्या २४ तासांतली सर्वांत मोठी भीती कातडीखाली रक्त साठण्याची. गोऱ्या त्वचेवर जांभळा रंग दुरूनही दिसतो. सावळ्या त्वचेवर तो दिसत नाही, आणि इथेच सोबतचं माणूस आणि नवखी नर्स फसते. म्हणून रंगाची वाट पाहायची नाही. एका बाजूचं दुखणं तासागणिक वाढतंय, ती बाजू दुसरीपेक्षा टणक आणि फुगलेली लागते, पट्टी एकाएकी आवळल्यासारखी वाटते, गिळायला किंवा श्वास घ्यायला अडतं, यांतलं काहीही झालं तर मध्यरात्र असली तरी सर्जनला उठवायचं. साठलेलं रक्त वेळेत काढलं तर नुकसान टळतं. उशीर झाला तर त्या दाबाने वरची कातडी मरते. पहिली रात्र इस्पितळातच काढावी.

कातडीचा रक्तपुरवठा कमी पडला तरी सावळ्या गालावर ‘निळं’ दिसत नाही, राखाडी किंवा मळकट जांभळट झाक येते. ड्रेसिंगच्या वेळी दोन्ही गालांची तुलना उजेडात करायला सांगा, हाताच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची ऊबही पाहायला सांगा. आदल्या दिवशी त्याच उजेडात काढलेला फोटो तुलनेला फार उपयोगी पडतो.

रक्तदाब वाढवणारी प्रत्येक गोष्ट टाळायची: खोकला, उलटी, शौचाला जोर करणं, खाली वाकणं. भेटायला आलेल्या वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करू नका, हात जोडले तरी पोचतो. दोन आठवडे डोकं उंचावर ठेवून, उताणं झोपायचं. पहिला आठवडा मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, लापशी. भाकरी आणि चिवडा नंतर. लोणचं-पापड कमी, मिठाने सूज रेंगाळते. आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढायला नळी लावली असेल तर ती एक-दोन दिवसांत निघते.

टाके निघाल्यावर

कानापुढचे बारीक टाके ५ ते ७ दिवसांत निघाले पाहिजेत, केसांतले आणि कानामागचे १० ते १४ दिवसांत. पुढचे टाके जास्त दिवस राहिले की रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके उमटतात आणि सावळ्या त्वचेत ते गडद होऊन बसतात. त्या तारखेला गावाला जायचं असेल तर शस्त्रक्रियेची तारीखच बदला.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सौम्य शांपूने केस धुवायचे, पण टाक्यांच्या जागी तीन आठवडे तेल नाही. गाल आणि कानाची पाळी काही महिने बधिर राहते. बधिर कातडीला चटका कळत नाही. गरम ड्रायर, वाफ घेण्याचं भांडं, शेकण्याची पिशवी, तिन्हींनी भाजून कायमचा डाग पडू शकतो. भुवई उचलता येत नाही किंवा ओठाचा कोपरा एका बाजूला उतरला, तर तो वेगळा, लगेच दाखवण्याचा विषय.

जखम पूर्ण मिटली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, सिलिकॉन जेल किंवा पट्टी सुरू करायची. दिवसाचे १२ तास, निदान ३ महिने. नंतर दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात व्रणाचा फोटो काढा आणि डोळे मिटून बोट फिरवा. रेघ उंच, कडक किंवा खाजरी लागू लागली तर वाट पाहू नका. या टप्प्यावर ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दिलं की व्रण पुष्कळदा बसतो. ते व्रणातच, थोड्या मात्रेत द्यावं लागतं. जास्त झालं किंवा बाजूला गेलं तर कातडी खोलगट होते आणि पांढरा चट्टा पडतो. वाढलेला किलॉइड नुसता कापून टाकू नका, पुष्कळदा तो आधीपेक्षा मोठा होऊन परततो.

काळपटपणा दिसला की हात शिवशिवतात: घासायचं, लिंबू लावायचं, पार्लरमध्ये ब्लीच करायचं. यातलं काहीही केलं तर नवी जळजळ होते आणि तिच्यापायी नवा रंग येतो. सनस्क्रीन, सावली आणि डॉक्टरांनी दिलेली क्रीम, एवढंच पुरतं.

फेसलिफ्टसोबत ‘जाता जाता’ लेझर किंवा पील (रसायनाने कातडीचा वरचा थर काढणं) करून देतो असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नकार द्या. सुट्या केलेल्या कातडीवर कार्बन डायऑक्साइड लेझर किंवा खोल पील म्हणजे जखमेवर जखम. सावळ्या चेहऱ्यावर त्याने गडद डाग किंवा फिनॉलसारख्या पीलने कायमचे पांढरे चट्टे येऊ शकतात. लागलंच तर सहा महिन्यांनी, मेलॅनिनला, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याला, कमी डिवचणारं १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर, तेही आधी कानामागे छोट्या जागेवर चाचणी करून.

कान पुन्हा टोचायचे झाले तर सहा महिने थांबा. भोक जुन्या शिवणीवर नको, शेजारच्या निरोगी कातडीत हवं. पहिलं कानातलं हलकी सोन्याची कुडी असावं, आणि सणावाराला झुमके घालायचेच तर त्यांचं वजन पाळीवर न येता केसांत अडकवलेल्या वेलावर येईल असे घाला.